यादी क्रमाने लागली, हे कशावरून?

बँकेचे व्यवहार तारखेप्रमाणे, रेल्वेगाड्या सुटण्याच्या वेळेप्रमाणे, वस्तू किमतीप्रमाणे, निकाल गुणानुक्रमे. सॉफ्टवेअर आपल्यासमोर जे ठेवते त्यातले बरेचसे कुठल्या ना कुठल्या क्रमाने लावलेल्या यादीच्या रूपात असते. तो क्रम बरोबर लागला का, हे पाहणारी ऑटोमेटेड टेस्ट लिहिणे हे नव्याने रुजू झालेल्याला पहिल्या आठवड्यात द्यायचे काम समजले जाते. कोणताही घटक त्याच्या पुढच्या घटकापेक्षा मोठा नसावा, एवढेच तर पाहायचे. त्यासाठी साधनेही आयती आहेत. सी++ मध्ये 'इज सॉर्टेड' हे फंक्शन २०११ पासून आहे, गो भाषेच्या स्लाइस पॅकेजमध्ये ते २०२३ मध्ये आले, रस्टमध्ये २०२४ मध्ये पक्के झाले. जावात असर्टजे, ट्रुथ आणि ग्वावा, डॉटनेटमध्ये एनयुनिट आणि फ्लुएंट असर्शन्स. या सगळ्यांत चढत्या क्रमाची तपासणी एका ओळीत होते.

आणि तरीही टेस्ट हिरवी आणि यादी विस्कटलेली, असे वारंवार घडते. माझ्या मते चूक त्या एका ओळीत क्वचितच असते. ती असते त्या ओळीला पुरवलेल्या माहितीत आणि नेमका कोणता क्रम हवा हे कोणी ठरवलेलेच नसते त्यात.

सगळ्यात लोकप्रिय पद्धत म्हणजे मिळालेल्या यादीची प्रत काढायची, ती टेस्टमध्येच सॉर्ट करायची आणि दोन्हींची तुलना करायची. जावास्क्रिप्टमध्ये हे करताना प्रत काढायची राहिली की टेस्टचा अर्थच संपतो. तिथले सॉर्ट मूळ यादीलाच जागच्या जागी लावते आणि तीच यादी परत देते. म्हणजे 'यादी' आणि 'सॉर्ट केलेली यादी' यांची तुलना ही एका वस्तूची तिच्याशीच तुलना होते. कोड कितीही चुकला तरी अशी टेस्ट नापास होऊ शकत नाही. २०२३ च्या प्रमाणकात मूळ यादीला हात न लावणारे 'टू सॉर्टेड' आले ते बरे झाले, पण जुने सॉर्ट काही कुठे जात नाही. पायथनने ही वाट आधीच बंद केली आहे. तिथे जागच्या जागी लावणारे सॉर्ट काहीच परत देत नाही, त्यामुळे हाच घोटाळा तिथे लगेच लाल दिसतो.

प्रत नीट काढली तरी दुसरा प्रश्न उरतो. ही प्रत कोणत्या नियमाने लावायची? अनेकदा टेस्टमध्ये तोच कम्पॅरेटर, म्हणजे दोन घटकांत आधी कोण हे ठरवणारे फंक्शन, आयात केलेला असतो जो मूळ कोड वापरतो. मग कम्पॅरेटर चुकला की दोन्ही याद्या सारख्याच चुकतात आणि छान जुळतात. जावात दोन पूर्णांकांची वजाबाकी करून तुलना करण्याची जुनी सवय आहे. एक खूप मोठी धन संख्या आणि एक खूप मोठी ऋण संख्या समोरासमोर आली की ती वजाबाकी मर्यादेबाहेर जाते, चिन्ह उलटते आणि मोठे ते लहान ठरते. तो कम्पॅरेटर टेस्टनेही वापरला असेल तर हे कधीच उघड होणार नाही. म्हणून साध्या कामांसाठी मला जुनाट पद्धतच आवडते. सात-आठ घटक विचारपूर्वक निवडावेत आणि अपेक्षित क्रम हाताने लिहावा. हाताने लिहिलेली यादी त्या कोडची काही लागत नाही, आणि हेच तिचे बळ आहे.

शेजारच्या जोड्या तपासणाऱ्या पद्धतीला अशी भानगड नाही, पण ती अर्धेच काम करते. रिकामी यादी क्रमाने असते. एकाच घटकाची यादीही क्रमाने असते. शंभर ग्राहकांऐवजी एकाच ग्राहकाचे नाव शंभर वेळा आले तर तेही चढत्या क्रमातच मोडते, 'काटेकोर चढता' असे मागितले नसेल तर. सॉर्ट बरोबर झाले म्हणण्यासाठी दोन गोष्टी लागतात: क्रम बरोबर असणे, आणि आत गेलेले सगळे घटक तितकेच बाहेर येणे. दुसरी अट विसरली जाते. ती तपासायला पायथनच्या युनिटटेस्टमध्ये 'असर्ट काउंट इक्वल' आहे आणि हॅमक्रेस्टमध्ये 'कंटेन्स इन एनी ऑर्डर'. पहिल्याचे नाव फसवे आहे. ते नुसती संख्या मोजत नाही, कोणता घटक किती वेळा आला हेही जुळवते. पडद्यावरच्या टेस्टमध्ये, म्हणजे सेलेनियम किंवा तत्सम साधनाने तक्त्याचा रकाना वाचणाऱ्या टेस्टमध्ये, ही दुसरी अट जीवनावश्यक आहे. तक्ता भरण्याआधीच टेस्टने रकाना वाचला, तर हाती रिकामी यादी येते आणि रिकामी यादी निमूटपणे पास होते.

आता माहितीकडे. आधीच क्रमात असलेले घटक आत घालून क्रम तपासणारी टेस्ट काहीच तपासत नाही, कारण सॉर्टची ओळ काढून टाकली तरी ती पास होते. डेटाबेसच्या टेस्टमध्ये हे सर्रास घडते. क्रमांक एक, दोन, तीन अशा नोंदी घालायच्या आणि क्वेरीने त्याच क्रमाने दिल्या की समाधान मानायचे. क्वेरीत 'ऑर्डर बाय' नसले तरी छोट्या, नव्या तक्त्यातून नोंदी बहुधा घातल्या त्याच क्रमाने बाहेर येतात. एसक्यूएलने तसे वचन मात्र कधीच दिलेले नाही. पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये एखादी नोंद बदलली की तिची नवी आवृत्ती लिहिली जाते आणि ती दुसऱ्या जागी जाऊ शकते. २००८ च्या ८.३ आवृत्तीपासून तर मोठ्या तक्त्याचे वाचन मधूनच सुरू होऊ शकते, कारण एकाच वेळी तोच तक्ता वाचणाऱ्या क्वेऱ्यांना एकमेकींसोबत चालवले जाते. मायएसक्यूएलमध्ये 'ग्रुप बाय' केले की क्रम आपोआप लागायचा, ८.० मध्ये तो लागेनासा झाला आणि त्यावर विसंबलेला कोड उघडा पडला.

यादीची लांबीही फसवते. क्रोमचे जावास्क्रिप्ट इंजिन व्ही८ हे २०१८ पर्यंत दहा किंवा त्याहून कमी घटकांसाठी इन्सर्शन सॉर्ट वापरत असे आणि त्यापुढे क्विकसॉर्ट. पहिली पद्धत स्थिर आहे, म्हणजे समान घटकांचा मूळ क्रम ती टिकवते. दुसरी टिकवत नाही. पाच-सहा घटकांची टेस्ट लिहिणाऱ्याला सॉर्ट स्थिर दिसायचे आणि प्रत्यक्षात अकरावा घटक आला की समान गुण असलेली नावे जागा बदलायची. २०१८ मध्ये व्ही८ टिमसॉर्टवर गेले आणि २०१९ च्या प्रमाणकाने स्थिर सॉर्ट बंधनकारक केले. डॉटनेटमध्ये मात्र फरक अजून आहे: लिंकचे 'ऑर्डर बाय' स्थिर आहे, लिस्टचे स्वतःचे 'सॉर्ट' नाही, आणि तेही छोट्या याद्यांसाठी इन्सर्शन सॉर्टच वापरते. छोट्या टेस्टमध्ये दोघांतला फरक दिसतच नाही.

मजकूर म्हणून साठवलेले आकडे हा तर नेहमीचा सापळा. मजकूर म्हणून १० हा २ च्या आधी येतो. भारतीय स्वल्पविरामांनी लिहिलेले १,००,००० रुपये हे ९९,००० रुपयांच्या आधी येतात. दिवस-महिना-वर्ष अशा तारखा लावल्या तर सगळ्या महिन्यांच्या १ तारखा एकत्र जमतात. टेस्टमध्ये ३००, ४५०, ७०० अशा सारख्या लांबीच्या किमती घातल्या तर यातले काहीच समजत नाही. चांगली टेस्ट मुद्दाम ९९ आणि १०० शेजारी ठेवते.

पण सगळ्यात जास्त गोंधळ नावांचा, आणि इथे मराठीसाठी थोडे थांबायला हवे. शाळेत म्हटलेल्या वर्णमालेत ह नंतर ळ, क्ष, ज्ञ येतात. युनिकोडच्या तक्त्यात मात्र ळ हा ल च्या लगेच पुढे आहे. काणे, कामत, काळे, काशीकर ही आडनावे बहुतेक प्रोग्रॅमिंग भाषांच्या मूळ सॉर्टने लावली तर याच क्रमाने येतात. वर्णमालेप्रमाणे काळे शेवटी जायला हवेत. ज्ञानेश्वर हे नाव युनिकोडनुसार ज + ् + ञ असे बांधलेले असल्याने ते जोशी आणि झ यांच्यामध्ये पडते. क्षीरसागर क च्या बाराखडीनंतर आणि ख च्या आधी जातात. ते तिथे असावेत की शेवटी, याबद्दल प्रामाणिक मतभेद शक्य आहे, कारण क्ष ला क चे जोडाक्षर मानून क मध्येच ठेवण्याची रीतही आहे. टेस्ट लिहिणाऱ्याने हा वाद सोडवायचा नसतो, पण त्यातली एक बाजू ग्राहकाकडून लिहून घ्यायची असते.

याहून चमत्कारिक प्रकार ॲ चा. हे अक्षर स्वतंत्र रूपाने युनिकोडमध्ये २००८ मध्ये आले आणि उरलेल्या जागेत, देवनागरी अंकांच्याही पुढे बसले. अ वर चंद्र देऊन तेच अक्षर टाइप केले तर ते अ च्या शब्दांतच राहते. डोळ्यांना सारखी दिसणारी दोन नावे यादीच्या दोन टोकांना जातात. कऱ्हाडे हे आडनावही दोन तऱ्हांनी टाइप होते. एका तऱ्हेत ऱ हे वेगळे अक्षर असते. दुसरीत साधा र, हलन्त आणि जोडणारे अदृश्य चिन्ह. युनिकोडचे नेहमीचे नॉर्मलायझेशन या दोघांना एक करत नाही. त्यामुळे एका पद्धतीचे सगळे कऱ्हाडे आधी, दुसऱ्या पद्धतीचे नंतर, आणि विजय कऱ्हाडे अनिल कऱ्हाड्यांच्या पुढे, असे होऊ शकते. मराठी नावांची यादी दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या टेस्टमध्ये ही चार-पाच नावे नसतील, तर त्या टेस्टने मराठी तपासले असे मी मानणार नाही. उपाय नाही असे नाही. युनिकोडच्या सीएलडीआर या संग्रहात भाषेभाषेचे क्रमाचे नियम आहेत, मराठीचेही आहेत, आणि आयसीयू ही लायब्ररी ते वापरते. फक्त ती वापरायची असे कोणीतरी ठरवावे लागते.

हा आपल्यापुरताच त्रास नाही. स्पॅनिशमध्ये सीएच आणि दुहेरी एल ही स्वतंत्र अक्षरे म्हणून लावली जात. १९९४ मध्ये त्या भाषेच्या अकादमींनी ती रीत सोडली. स्वीडिशमध्ये बिंदूवाला ए वर्णमालेच्या शेवटी जातो, जर्मनमध्ये साध्या ए च्या सोबत राहतो. म्हणजे भाषा न सांगता क्रम तपासता येत नाही. आणि भाषा सांगितली तरी तिचे नियम कायम राहतीलच असेही नाही, याचा धडा २०१८ मध्ये मिळाला. लिनक्सच्या जीलिबसी या मूळ लायब्ररीच्या २.२८ आवृत्तीत क्रमाचे नियम मोठ्या प्रमाणावर बदलले. आधी '११' हे '१-१' च्या आधी येई, आता नंतर येऊ लागले. पोस्टग्रेएसक्यूएल मजकुराच्या इंडेक्ससाठी याच लायब्ररीवर अवलंबून होते. इंडेक्स ही डिस्कवर क्रमाने लावून ठेवलेली यादीच. ती जुन्या नियमाने लावलेली आणि शोध नव्या नियमाने. ऑपरेटिंग सिस्टिम अद्ययावत केल्यावर, डेबियन १० वर गेलेल्यांच्या बाबतीत तर २०१९ मध्ये, असलेल्या नोंदी सापडेनाशा झाल्या आणि एकमेव असायला हव्या त्या नोंदी दोनदा घुसल्या. कोडची एक ओळही बदललेली नव्हती, त्यामुळे टेस्टला काही कळण्याचा प्रश्नच नव्हता. पोस्टग्रेएसक्यूएल १० मध्ये आलेले 'अॅमचेक' हे जोडसाधन अशा वेळी कामी येते. ते चालू डेटाबेसमधल्या इंडेक्सचा क्रम तपासते. क्रमाची तपासणी टेस्टमधून उचलून थेट प्रत्यक्ष वापरात नेण्याचे याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही.

काही मूल्यांना क्रमच नसतो. दशांश संख्यांतले 'नॅन', म्हणजे संख्या नसलेली संख्या, कोणाहीपेक्षा मोठे नाही, लहान नाही, स्वतःशी समानही नाही. 'पहिला दुसऱ्यापेक्षा मोठा असेल तर नापास कर' अशी तपासणी लिहिली तर नॅन असलेली यादी पास होते. 'पहिला दुसऱ्यापेक्षा लहान किंवा समान नसेल तर नापास कर' अशी लिहिली तर तीच यादी नापास होते. दोन्ही वाक्ये बोलायला सारखी, निकाल उलट. रिकाम्या मूल्यांचेही तेच. चढत्या क्रमात पोस्टग्रेएसक्यूएल आणि ओरॅकल नल शेवटी ठेवतात, मायएसक्यूएल, एसक्यूएल सर्व्हर आणि एसक्यूलाइट आधी. टेस्टसाठी हलका म्हणून एसक्यूलाइट आणि प्रत्यक्षात पोस्टग्रेएसक्यूएल, अशी जोडी अनेक संघांत असते. तिथे ही टेस्ट दुसऱ्याच डेटाबेसचा क्रम तपासत असते.

समान घटकांचा प्रश्न पानांत विभागलेल्या यादीत चिघळतो. एकाच तारखेचे तीस व्यवहार असतील आणि क्रम फक्त तारखेवर असेल, तर पहिल्या पानावरचा व्यवहार दुसऱ्या पानावर पुन्हा दिसू शकतो आणि एखादा कुठेच दिसत नाही. प्रत्येक पान स्वतंत्रपणे क्रमानेच असते! त्यामुळे पानापानाची टेस्ट हिरवी राहते. सगळी पाने जोडून एकही नोंद पुन्हा आली नाही आणि एकही गळली नाही, असे पाहावे लागते, आणि तेही मुद्दाम समान तारखा घालून.

संशोधकांनी या प्रश्नाकडे वेगळ्या बाजूने पाहिले आहे. स्वीडनमधल्या चाल्मर्स विद्यापीठातले कून क्लासेन आणि जॉन ह्यूज यांनी २००० मध्ये क्विकचेक मांडले. उदाहरणे हाताने लिहायची नाहीत. गुणधर्म सांगायचा, यंत्र शेकडो यादृच्छिक याद्या तयार करून तो मोडायचा प्रयत्न करते. सॉर्टसाठी हे फार छान बसते. पण क्रमाने असलेल्या यादीत नवा घटक योग्य जागी घालणारे फंक्शन तपासायचे झाले, तर आधी क्रमाने असलेली यादी हवी, आणि यादृच्छिक यादी तशी निघण्याची शक्यता लांबीबरोबर कोसळते: पाच वेगवेगळ्या घटकांसाठी १२० पैकी एक, दहासाठी ३६ लाखांहून अधिक याद्यांत एक. अट पाळणाऱ्या याद्या उरतात त्या शून्य, एक किंवा दोन घटकांच्या. हा धोका त्या दोघांनी आपल्या निबंधातच दाखवला होता आणि त्यावर घटक क्रमानेच निर्माण करणारा जनरेटर लिहिण्याचा उपाय सांगितला होता. हायपॉथेसिससारखी आजची साधने वापरणारे अनेक जण हे विसरतात आणि रिकाम्या किंवा एक-दोन घटकांच्या याद्यांवर टेस्ट पास झाल्याचा आनंद मानतात.

यादी इतकी मोठी असेल की पूर्ण वाचणेही परवडत नाही, तर? १९९८ मध्ये एर्गुन, कन्नन, कुमार, रुबिनफेल्ड आणि विश्वनाथन यांनी याचे सुंदर उत्तर दिले. मनात येणारा पहिला उपाय, कुठल्याही काही शेजारजोड्या पाहणे, कुचकामी आहे. दहा लाखांच्या यादीत दुसरे पाच लाख आधी आणि पहिले पाच लाख नंतर ठेवले, तर चुकीची शेजारजोडी फक्त एक असते, अगदी मध्यावर. त्यांची युक्ती अशी: एक घटक यादृच्छिक निवडा आणि त्याचे मूल्य बायनरी सर्चने शोधा. सगळे घटक वेगवेगळे असतील आणि शोध त्याच जागी पोहोचला नाही, तर यादी विस्कटलेली आहे. वरच्या यादीत मागच्या अर्ध्यातला कोणताही घटक निवडला की तो सापडतच नाही, म्हणजे एका प्रयत्नात पकडले जाण्याची शक्यता निम्मी, आणि प्रत्येक शोधाला जेमतेम वीस पावले.

आणि सगळ्या टेस्टना चुकवून गेलेली एक चूक. टिम पीटर्स यांनी २००२ मध्ये पायथनसाठी रचलेली टिमसॉर्ट पद्धत जावा आणि अँड्रॉइडनेही घेतली. २०१५ मध्ये स्टाइन द गाउ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जावातला हा कोड 'की' या साधनाने गणिती पद्धतीने सिद्ध करायला घेतला आणि सिद्धता अडली. कोड गृहीत धरत असलेली एक अट काही याद्यांत मोडत होती. तशी यादी बांधून दिली की सॉर्ट मध्येच कोसळायचे, पण त्यासाठी यादी सुमारे ६.७ कोटी घटकांची आणि खास रचनेची हवी. अशी टेस्ट कोणी सहज लिहिली नसती. जावाने तेव्हा मूळ अट दुरुस्त न करता राखीव जागा वाढवली. ती वाढही पुरेशी नव्हती, हे २०१८ मध्ये टिमसॉर्टचा गणिती अभ्यास करणाऱ्या दुसऱ्या संशोधकांनी दाखवले.

उलटा दोषही तितकाच पसरलेला आहे: जिथे क्रमाचे वचनच नाही तिथे क्रम मागणाऱ्या टेस्ट. जावाच्या हॅशमॅपमधून घटक कोणत्या क्रमाने निघतील हे ठरलेले नाही, पण एका आवृत्तीत ते नेहमी सारखेच निघतात, म्हणून कोणीतरी तो क्रम टेस्टमध्ये लिहून ठेवतो आणि जावाची आवृत्ती बदलली की टेस्ट फुटते. गो भाषेच्या कर्त्यांनी यावर जरा खट्याळ उपाय केला. मॅपवरून फिरण्याचा क्रम त्यांनी मुद्दामच दर वेळी बदलता ठेवला, म्हणजे त्यावर कोणी विसंबूच नये. इलिनॉय विद्यापीठात तयार झालेले नॉनडेक्स हे साधन जावासाठी तेच करते: वचन नसलेला क्रम जाणूनबुजून हलवते आणि कोणत्या टेस्ट पडतात ते दाखवते. क्रम महत्त्वाचा नसेल तर तुलनाही क्रम सोडून करावी, हे सांगायला सोपे आहे. प्रत्यक्षात दोन याद्या 'समान' आहेत का एवढेच पाहणे हाताला सवयीचे असते आणि क्रमाची अट नकळत आत शिरते.

राहतो तो शोधाच्या निकालांचा क्रम. 'पुणे ते कोल्हापूर बस' शोधल्यावर कोणता निकाल पहिला यावा याचे एकच बरोबर उत्तर नाही, त्यामुळे इथे शेजारजोड्या तपासण्यात अर्थ नाही आणि हाताने लिहिलेली पूर्ण यादी दर सुधारणेला मोडते. इथे दोन रीती टिकल्या आहेत. पहिली, मोजक्या जोड्यांबद्दलच आग्रह धरायचा: एसटीचे अधिकृत वेळापत्रक हॉटेलच्या जाहिरातीच्या वर, बाकी क्रम काहीही असो. दुसरी, पास-नापास सोडून गुण द्यायचे. मॉरिस केंडल यांनी १९३८ मध्ये सुचवलेले माप दोन क्रमांत किती जोड्या उलट्या आहेत ते मोजते. यार्वेलिन आणि केकालाइनेन यांचे २००२ मध्ये विस्ताराने मांडलेले माप वरच्या जागांना जास्त वजन देते, कारण दहाव्या निकालापर्यंत फारसे कोणी जात नाही. मग टेस्ट एवढेच पाहते की आजचा आकडा कालच्यापेक्षा ठरलेल्या मर्यादेहून खाली गेला नाही. ती मर्यादा किती ठेवायची, हे प्रत्येक संघ आपापले ठरवतो, आणि बहुतेक ठिकाणी ती एखादी टेस्ट विनाकारण लाल झाली की थोडी सैल केली जाते.